सत्ताधाऱ्यांना स्थानिक निवडणुका का जड जातात?

सोलापूरच्या न्यायालयात एके काळी शिपायाचे काम केलेले सुशीलकुमार शिंदे १८ जानेवारी २००३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आपल्या गावचा माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला याचा आनंद सोलापूरकरांना झाला नसेल असे कोण म्हणेल? तथापि मुख्यमंत्रिपदासाठी त्यांनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेकरिता त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा याच मतदारांनी काँग्रेसचा पराभव करून भारतीय जनता पक्षाचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांना दिल्लीस धाडले. विशेष म्हणजे प्रतापसिंहांचे थोरले बंधू विजयसिंह हे काँग्रेसच्या सत्तेतील भागीदार असलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचे जिल्ह्यातील अग्रणी होते. मुख्यमंत्री सोलापूरचा, सरकार त्याच्या आघाडीचे, प्रशासन हाताशी, आणि पराभव मात्र सोलापुरातच! योगायोग असा की पोटनिवडणुकांच्या त्याच फेरीत केरळातील एर्नाकुलमची जागाही तेथील सत्ताधारी काँग्रेसला गमवावी लागली.

लोकसभेची ही पोटनिवडणूक स्थानिक स्वराज्य संस्थेची नव्हती हे खरे. परंतु तिचा गुणधर्म तोच होता. तिच्या निकालाने सरकार पडणार नव्हते, की नवे येणार नव्हते. सरकारची मुदत चालू असताना मधेच होणाऱ्या अशा सर्व निवडणुका, मग त्या महापालिकेच्या असोत, जिल्हा परिषदेच्या असोत वा एखाद्या रिकाम्या जागेच्या, येथे एकत्र विचारात घ्यावयाच्या आहेत. ‘मध्यावधी’ हा शब्द मराठीत १९७१ आणि १९८० सारख्या मुदतपूर्व सार्वत्रिक निवडणुकांना चिकटलेला असल्याने तो येथे वापरताना हा खुलासा आवश्यक ठरतो.

पाश्चात्त्य देशांत सत्ताधाऱ्यांची ही मधल्या काळातील पडझड इतकी नियमित आहे की तेथील अभ्यासक तिला जवळजवळ नियमच मानतात. अमेरिकेत अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाची निवडणूक होते. १९१० पासून पाहिले तर अध्यक्षाच्या पक्षाने या निवडणुकीत जागा गमावल्या नाहीत अशी १९३४, १९९८ आणि २००२ ही तीनच वर्षे सापडतात. ब्रिटनमध्ये १९९५ च्या स्थानिक निवडणुकांत सत्तारूढ हुजूर पक्षाने दोन हजारांच्या आसपास नगरसेवक गमावले, आणि दोनच वर्षांनी अठरा वर्षांची सत्ताही गमावली.

याची कारणे देताना तीन विचार प्रामुख्याने मांडले जातात. अँगस कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये असे सुचविले की मोठ्या निवडणुकीच्या लाटेत एरवी उदासीन असणारा मतदारही बाहेर पडतो आणि विजयी नेत्याच्या पारड्यात मत टाकतो. मधल्या निवडणुकीत तो घरीच बसतो आणि ती लाट ओसरते. सॅम्युएल कर्नेल यांनी १९७७ मध्ये निराळेच बोट ठेवले. त्यांच्या मते समाधानी मनुष्य स्वस्थ बसतो, चिडलेला मात्र उन्हातान्हात रांगेत उभा राहतो. तिसरा विचार राइफ आणि श्मिट या दोघा जर्मन अभ्यासकांचा, १९८० चा. ज्या निवडणुकीत राज्यकर्ता ठरत नाही ती मतदाराच्या लेखी दुय्यम असते, म्हणून तेथे तो सत्ताधाऱ्याला निर्धास्तपणे चिमटा काढू शकतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर तेथे निषेधाची किंमत कमी असते, म्हणून निषेधाची मागणी वाढते.

नियम आणि महाराष्ट्र

हे सारे सिद्धान्त सोलापूरच्या चौकात आणून उभे केले म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. पहिला सिद्धान्त तर वेशीवरच अडखळतो. आपल्याकडे ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या मतदानाचे प्रमाण लोकसभेच्या मतदानापेक्षा बहुधा अधिकच असते. उमेदवार चुलतभाऊ असतो, शेजारी असतो, नाही तर ज्याच्याशी बांधावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे असा कोणी तरी असतो. पाच-दहा मतांनी निकाल फिरतो. पुण्या-मुंबईस कामाला गेलेला मुलगा मतदानापुरता गावी आणला जातो. दिल्लीच्या निवडणुकीसाठी एवढा खटाटोप कोणी करीत नाही. तेव्हा ‘दुय्यम’ कोणती आणि ‘मुख्य’ कोणती, हा हिशेब येथील मतदार युरोपातील पुस्तकाप्रमाणे मांडीत नाही.

कर्नेल यांचा विचार मात्र सोलापूरला चांगला लागू पडतो. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे त्याच परिसरात रे नगरच्या तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला व त्यांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. या दोन्ही योजनांसाठी आयुष्य वेचले ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांनी. १९७८, १९९५ व २००४ अशा तीन वेळा ते आमदार झाले. परंतु २००४ नंतरच्या एकाही विधानसभा निवडणुकीत त्यांना यश आले नाही. ते सत्ताधारी नव्हते, म्हणून हे उदाहरण विषयाला सोडून आहे असे वाटेल. परंतु मिळालेले विसरले जाते आणि न मिळालेले लक्षात राहते, या मतदारस्वभावाचे एवढे ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही. शिवाय घर मिळाले की पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की मतदारसंघही बदलू शकतो, ही गंमत निराळीच.

तक्रार लक्षात राहते हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचा प्रश्न येतो तो असा की तक्रार कोणाविरुद्ध? ब्रिटनमधील मतदाराला रागावण्यासाठी लंडन पुरते. सोलापूरच्या मतदारावर मात्र दिल्ली, मुंबई आणि ‘इंद्रभुवन’ अशी तीन सरकारे एकाच वेळी राज्य करीत असतात. तिन्ही ठिकाणी एकच पक्ष असेल तर प्रश्न सोपा. तो नसेल तर ज्या सरकारचे दार घराला जवळ, त्याच्यावर राग आधी निघतो.

२०१७ चा धडा

फेब्रुवारी २०१७ ची सोलापूर महापालिकेची निवडणूक या दृष्टीने फार बोधप्रद आहे. केंद्रातील मोदी सरकारला जवळजवळ तीन वर्षे आणि राज्यातील फडणवीस सरकारला सव्वादोन वर्षे झाली होती. म्हणजे पुस्तकी नियमाप्रमाणे पडझडीचा हा ऐन हंगाम. त्यातही नोटाबंदीला जेमतेम तीन-साडेतीन महिने लोटले होते. यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारा आणि घरी बसून विड्या वळणारी, ही सोलापूरची दोन्ही प्रातिनिधिक माणसे रोख मजुरीवर जगणारी. सत्ताधाऱ्यांना फटका बसावा अशी सर्व लक्षणे हजर होती. निकाल लागला तेव्हा १०२ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला ४९, शिवसेनेला २१, काँग्रेसला १४, एमआयएमला ९ आणि राष्ट्रवादी काँग्रेस व बहुजन समाज पक्षाला प्रत्येकी ४ जागा मिळाल्या. एक जागा मार्क्सवाद्यांकडे गेली. दीर्घकाळ काँग्रेसच्या प्रभावाखाली असलेल्या या महापालिकेत शोभा बनशेट्टी या भाजपच्या महापौर झाल्या.

तर मग नियम खोटा ठरला काय? तसे म्हणणे घाईचे होईल. सत्ताधारी पक्ष हरलाच. फक्त तो मुंबईतील सत्ताधारी नव्हता, इंद्रभुवनातील होता. सोलापूरकराच्या मनात पहिला प्रश्न नोटांचा नव्हता, नळाचा होता. १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण जिल्ह्याच्या उत्तरेस, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर. तेथून जलवाहिनी, शिवाय टाकळी आणि हिप्परग्याचा ब्रिटिश काळातील एकरूख तलाव. एवढे उगम असूनही शहरात पाणी तीन-चार, प्रसंगी पाच दिवसांआड. ज्या घरी पाण्याची वेळ मध्यरात्रीची असते त्या घरातील गृहिणीला चलनविषयक धोरणाबद्दल मत असेलही, पण मतदान ती रिकाम्या पिंपाकडे पाहून करते. काँग्रेसच्या नगरसेवकांना पाण्याचे उत्तर देता आले नाही. नव्याने आलेल्यांनाही पुढल्या पाच वर्षांत ते कितपत देता आले, हे सोलापूरकर जाणतातच. त्या काळात शहरातील विजयकुमार देशमुख आणि सुभाष देशमुख हे दोन मंत्री एकाच पक्षाचे असूनही त्यांच्या गटांतील चुरशीची चर्चा पाण्याच्या चर्चेहून अधिक झाली.

परंतु २०१७ चे एवढेच स्पष्टीकरण अपुरे आहे. काँग्रेसवरील राग शिवसेनेकडे किंवा एमआयएमकडेही सर्वस्वी वळू शकला असता. तो मुख्यतः राज्यातील सत्ताधाऱ्यांकडेच का वळला? येथे पैशाचा प्रश्न येतो.

जकात हे महाराष्ट्रातील महापालिकांचे हक्काचे दुभते जनावर होते. नाक्यावर ट्रक थांबत, भ्रष्टाचार होई, व्यापारी कुरकुरत, सारे खरे. परंतु तो पैसा शहराचा होता आणि त्यासाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागत नसे. मुंबई वगळता इतर महापालिकांत २०१३ पर्यंत जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकांचे बुडालेले उत्पन्न राज्य सरकार दरमहा अनुदान देऊन भरून देऊ लागले. ते अनुदान कायद्याने मिळते हे खरे. परंतु रस्ते, जलवाहिनी, उड्डाणपूल यांसारखी नवी कामे करावयाची तर मालमत्ता करातून काय शिल्लक राहणार? त्यासाठी केंद्राची योजना हवी, राज्याचा हिस्सा हवा, जिल्हा नियोजन समितीचा निधी हवा. त्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, हे २०१७ च्या प्रचारात कोण विसरणार होते?

थोडक्यात, ज्या शहराची तिजोरी स्वतःची नसते तेथे निषेध स्वस्त राहत नाही. ‘वर ज्यांचे सरकार, खालीही त्यांनाच द्या, म्हणजे निधी येईल’ हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक पक्षाने आपापल्या सत्ताकाळात उच्चारले आहे. लोकशाहीच्या दृष्टीने ते लज्जास्पद आहे यात शंका नाही. परंतु मतदाराच्या दृष्टीने ते अडाणीपणाचे नाही. विरोधात मत दिले तर आपल्या वॉर्डातील गटार आणखी पाच वर्षे उघडे राहील, हा त्याचा हिशेब व्यवहाराचाच आहे. राइफ आणि श्मिट यांनी हा घटक फारसा लक्षात घेतलेला नाही, कारण त्यांच्यापुढे १९७९ ची युरोपीय संसदेची निवडणूक होती. तेथे कोणाचे गटार तुंबणार नव्हते.

अर्थात ही किंमत मोजूनही मतदार उलटतो, असे प्रसंग आहेत. १९८४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला देणाऱ्या आणि लगेच १९८५ मध्ये विधानसभेतही तिला सत्ता देणाऱ्या मतदारांपैकी मुंबईकरांनी त्याच वर्षी महापालिका शिवसेनेच्या हाती दिली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव असल्याच्या प्रचारापुढे सत्तेचे आकर्षण टिकले नाही. शिवाय मुंबई महापालिकेची तिजोरी भरलेली होती, तिला कोणाच्या अनुदानाची फिकीर नव्हती. पश्चिम बंगालमध्ये सिंगूर-नंदीग्रामच्या जमिनीचा प्रश्न पेटल्यावर २००८ च्या पंचायत निवडणुकांत डाव्या आघाडीने पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण चोवीस परगणा या जिल्हा परिषदा गमावल्या. तीन वर्षांनी राज्यच गेले. गुजरातमध्ये २०१५ साली पाटीदार आंदोलनानंतर सहाही महानगरपालिका भाजपकडे राहिल्या, बहुसंख्य जिल्हा पंचायती मात्र काँग्रेसकडे गेल्या. एकच पक्ष, एकच महिना, पण शहर एकीकडे आणि खेडे दुसरीकडे. जमीन, जात आणि पिकाचा भाव यांपैकी काही दुखावले गेले म्हणजे निधीचे आमिष पुरे पडत नाही, एवढा बोध यातून निघतो.

आपल्या जिल्ह्यातही २०२१ मध्ये असे झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार भारत भालके यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र राष्ट्रवादीतर्फे उभे होते. सहानुभूती होती, राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. तरीही भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी विजयी झाले. मंगळवेढ्याच्या ३५ गावांच्या पाण्याचा प्रश्न, साखर कारखानदारीतील तणाव, थकीत वीजबिलांसाठी तोडलेल्या जोडण्या, यांतील प्रत्येकाचा वाटा किती हे सांगणे कठीण. मात्र एका आमदाराने सरकार पडणार नव्हते. तेथे निषेध स्वस्त होता.

रांग उमेदवारीची

सत्ताधारी पक्षाच्या पडझडीचे आणखी एक कारण मतदारात नसून पक्षातच असते आणि त्याची चर्चा ग्रंथांपेक्षा चहाच्या टपरीवर अधिक होते. सत्तेवरील पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांची रांग सर्वांत लांब असते. एका जागेसाठी सात-आठ जण मुलाखत देतात, एकाला मिळते, उरलेल्यांपैकी दोघे अपक्ष म्हणून उभे राहतात आणि बाकीचे घरी बसून पाडापाडी करतात. विरोधी पक्षाला ही श्रीमंती नसल्याने हा रोगही नसतो. लहान वॉर्डात असा बंडखोर दोन-तीनशे मते खाऊन अधिकृत उमेदवाराला सहज घरी पाठवितो. प्रभाग मोठा झाला म्हणजे मात्र त्याचे बळ विरघळते, कारण चार सदस्यांच्या प्रभागात गल्ली पुरत नाही, चिन्ह लागते.

म्हणूनच असेल, प्रभागाचा आकार हा महाराष्ट्रातील सरकारांचा आवडता विषय आहे. मुंबईखेरीज इतर महापालिकांत २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एक सदस्याचे, २०१२ ला दोन सदस्यांचे आणि २०१७ ला चार सदस्यांचे. महाविकास आघाडीने आधी एक सदस्याची पद्धत आणली, मग २०२१ मध्ये तीन सदस्यांची ठरविली; २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा २०१७ चीच रचना आली. खेळ चालू असताना मैदान आखणाऱ्याला हरण्याची भीती वाटते, एवढे यावरून निश्चित दिसते.

न झालेल्या निवडणुका

मधल्या काळातील पराभव टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे निवडणूकच न घेणे. १९६२ मध्ये मोठ्या आशेने सुरू झालेल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ नंतर थेट १९९२ मध्ये झाल्या. तेरा वर्षे! त्या काळात मुख्यमंत्री किती आले-गेले याची मोजदाद केली म्हणजे, कोणा एकाला दोष देता येत नाही असे ध्यानात येते. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या अंमलात आल्या. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे घटनेने बजावले. स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला. आता हा रोग संपला असे वाटत असतानाच मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला. त्यातील प्रश्न खरे होते. परंतु दोन्ही बाजूंच्या सरकारांना या विलंबाने विशेष वेदना झाल्याचे दिसले नाही. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या गर्दीतच, सोलापूरकरांनी जवळजवळ नऊ वर्षांनी नगरसेवक निवडले. भाजपला मोठे बहुमत मिळाले.

२०१७ ते २०२२ या काळात पालिका याच पक्षाकडे होती आणि पाण्याची ओरड तर थांबलेली नव्हती. मग शिक्षा का झाली नाही? मधली चार वर्षे याचे उत्तर देतात. नळाला पाणी आले नाही तर जाब आयुक्तांना विचारावा लागे, आणि आयुक्त निवडणुकीला उभे राहत नाहीत. जुन्या नगरसेवकाचा राग चार वर्षांत शिळा होतो. जो सत्ताधारी मतदाराला दिसतच नाही त्याच्याविरुद्ध मत देता येत नाही. त्यातच नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेत महायुतीने दोनशे तीस जागा जिंकल्या होत्या, सोलापूर शहराशी निगडित तिन्ही जागा भाजपकडे गेल्या होत्या. त्याआधी अवघ्या सहा महिन्यांपूर्वी याच सोलापूरने लोकसभेसाठी काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना विजयी केले होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. सोलापूरचा मतदार कोणाचा बांधील नाही.

या साऱ्या विलंबाचा एक परिणाम मात्र फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. ऑक्टोबर २०१४ ची विधानसभा आणि फेब्रुवारी २०१७ ची महापालिका यांत अठ्ठावीस महिन्यांचे अंतर होते. म्हणजे सरकारच्या मुदतीचा जवळजवळ मध्य. आता हे अंतर चौदा महिन्यांवर आले आहे. दोन्ही संस्थांनी आपापली पाच वर्षे पुरी केली तर पुढील विधानसभा २०२९ च्या अखेरीस आणि पुढील महापालिका २०३१ च्या आरंभी येईल, आणि पुन्हा तेच चौदा महिने राहतील. नव्या सरकारचा नवलाईचा काळ संपण्यापूर्वीच शहराचे मतदान उरकलेले असेल. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात तर याहून पुढे जाऊन, लोकसभा-विधानसभांच्या एकत्रित निवडणुकीनंतर शंभर दिवसांत स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्याव्यात अशी शिफारस आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत मांडलेल्या घटनादुरुस्ती विधेयकात स्थानिक संस्थांचा समावेश करण्यात आला नाही. ती शिफारस पुढेमागे अंमलात आली तर सोलापूरच्या मतदाराला २००३ सारखी संधी फक्त एखादी जागा रिकामी झाली तरच मिळेल.